दुरुस्ती हवी, बदल लादू नका

चार-पाच वर्षे वापरलेल्या फोनवर ‘नवीन अपडेट उपलब्ध आहे’ अशी सूचना आली की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : अपडेट मारू की नको? याचे उत्तर देणारे दोन पक्ष आहेत. एक रोज फोन वापरणाऱ्यांचा. अपडेटनंतर फोन मंदावतो, बॅटरी दुपारपर्यंत उतरते, स्टोरेज भरते, हा त्यांचा अनुभव. दुसरा पक्ष ती प्रणाली लिहिणाऱ्यांचा. अपडेट न करणे म्हणजे दार उघडे टाकून झोपणे, असे ते कळकळीने सांगतात. एक पक्ष दुसऱ्याला लबाड म्हणतो, दुसरा पहिल्याला अडाणी, आणि मूळ वाद तिथेच पडून राहतो. म्हणून इथे दोघांना समोरासमोर बसवले आहे. ही ग्राहक म्हणजे कोणी विशिष्ट बाई नव्हे आणि हा अभियंताही कोणी ठरावीक गृहस्थ नव्हे. पण त्यांच्या तोंडचे मुद्दे रोजच्या व्यवहारातले आहेत आणि ते सांगतात त्या घटना नोंदलेल्या आहेत. मधूनमधून मी बोलणार आहे, आणि माझा कल कुठे आहे ते लपवणार नाही.

ग्राहक : अहो, फोन घेतला तेव्हा तो नीट चालत होता. त्यावर मी नवे काही टाकलेले नाही. तेच व्हॉट्सॲप, तेच पैसे पाठवायचे ॲप, तेच नातवंडांचे फोटो. बदलले ते एवढेच की वर्षातून एकदा तुमचे मोठे अपडेट येते. मग फोन हँग होऊ लागतो, कॅमेरा उघडेपर्यंत प्रसंग निघून जातो, सवयीची बटणे भलतीकडे गेलेली असतात. सर्व्हिस सेंटरला विचारले तर म्हणतात, ‘फोन जुना झाला.’ फोन तर कालही तोच होता. रात्रीतून बदलली ती तुमची प्रणाली. नळ गळतो म्हणून माणूस बोलवावा आणि त्याने जाताना स्वयंपाकघरातली सगळी फडताळे हलवून ठेवावीत, तसा हा प्रकार आहे. आणि नाही आवडले तर मागे फिरायची सोय नाही. नको म्हटले तरी सूचना रोज येत राहते. एखाद्या रात्री फोन चार्जिंगला असताना ते आपोआप होऊन जाते.

अभियंता : ताई, तुमचा त्रास खोटा आहे असे मी म्हणणार नाही. पण अपडेट आलेच नाही तर काय होते तेही पाहा. जुलै २०१५ मध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाचा दोष उघड झाला. अँड्रॉइडमधल्या व्हिडिओ वाचणाऱ्या भागात ही खोट होती. मुद्दाम बिघडवून पाठवलेल्या एका एमएमएसने परक्या माणसाला फोनमध्ये शिरता येऊ शकत होते. दोष शोधणाऱ्या झिंपेरियम कंपनीच्या अंदाजाने सुमारे ९५ कोटी फोन त्याच्या टप्प्यात होते. त्यानंतरच, ऑगस्ट २०१५ पासून, गुगलने दर महिन्याला सुरक्षा पॅच काढायला सुरुवात केली. दुसरे उदाहरण वेबसाइटचे घ्या. कोणत्या वेबसाइटवर विश्वास ठेवायचा याची मूळ प्रमाणपत्रे फोनच्या प्रणालीतच असतात. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था जगभरातल्या असंख्य साइटना फुकट प्रमाणपत्रे देते, पण तिचे मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनना माहीतच नव्हते. २०२० साली असे फोन वापरातल्या अँड्रॉइड फोनच्या सुमारे एक तृतीयांश होते. तात्पुरती तोड निघाली नसती तर त्या फोनवर या सगळ्या साइट ठप्प झाल्या असत्या. तिसरे तुमच्या-माझ्या भाषेचे. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनवर मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसायचे, जोडाक्षरे तुटायची. देवनागरी नीट दिसू लागली ती नव्या आवृत्त्यांमुळे. मग सांगा, बदल नको असेल तर हा बदलही नको होता का?

हा शेवटचा प्रश्न अभियंत्याचा सर्वांत बळकट मुद्दा आहे आणि त्याकडे मी परत येणार आहे. पण आधी जुन्या फोनच्या तक्रारीत सर्वांत जास्त वेळा निघणारी घटना पूर्ण सांगायला हवी, कारण दोन्ही पक्ष ती अर्धीच सांगतात. लिथियम-आयन बॅटरी वापरून जुनी होते तेव्हा तिची साठवण तर घटतेच, शिवाय तिचा अंतर्गत रोधही वाढतो. प्रोसेसरने एखाद्या क्षणी एकदम जास्त वीज मागितली की अशा बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो आणि पडद्यावर तीस-चाळीस टक्के चार्ज दिसत असतानाही फोन बंद पडतो. थंडीत हे अधिक होते. २०१६ च्या अखेरीस आयफोनबद्दल नेमक्या अशा तक्रारी आल्या. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या आयओएस १०.२.१ या अपडेटने त्यावर इलाज केला : बॅटरी थकलेली असेल तर प्रोसेसरचा कमाल वेगच कमी ठेवायचा. फोन बंद पडणे कमी झाले. पण वेग कमी केला आहे आणि बॅटरी बदलली तर तो परत येईल, हे लोकांना समजेल असे कोणी सांगितले नाही. डिसेंबर २०१७ मध्ये गीकबेंच या वेगमापन सॉफ्टवेअरच्या जॉन पूल यांनी चाचण्यांचे आलेख प्रसिद्ध केले. एकाच मॉडेलचे फोन नव्या आवृत्तीवर वेगवेगळ्या कमी वेगांच्या गटांत विभागलेले त्यात स्पष्ट दिसत होते. मग ॲपलने ही गोष्ट मान्य केली, २८ डिसेंबरला माफी मागितली आणि अमेरिकेत वॉरंटी संपलेल्या फोनची बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला.

यातून ग्राहकपक्ष असा निष्कर्ष काढतो की कंपन्या नवे फोन खपावेत म्हणून जुने मुद्दाम मंद करतात. अभियंतापक्ष म्हणतो, हा तर बॅटरीच्या रसायनशास्त्राचा नियम, कंपनीने उलट फोन वाचवला. मला दोन्ही निष्कर्ष अपुरे वाटतात. इलाज तांत्रिकदृष्ट्या योग्य होता हे अभियंत्याचे म्हणणे खरे आहे. पण इलाज कोणाच्या फोनवर झाला, कोणाच्या संमतीने, आणि माहिती नसल्यामुळे त्या माणसाने पुढे काय केले, हे प्रश्न त्यातून सुटत नाहीत. फ्रान्सच्या ग्राहकसंरक्षण खात्याने फेब्रुवारी २०२० मध्ये ॲपलला अडीच कोटी युरोचा दंड केला तो लोकांना माहिती न दिल्याबद्दल. आणि माहिती मिळाल्यावर लोक काय करतात याचा पुरावा खुद्द कंपनीच्या पत्रात आहे. २ जानेवारी २०१९ रोजी कंपनीप्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना लिहिले की नुकत्याच संपलेल्या तिमाहीची विक्री अंदाजापेक्षा कमी राहील. जुने आयफोन बदलून नवे घेणाऱ्यांची संख्या घटण्याच्या कारणांत त्यांनी स्वस्तात बदलून मिळालेल्या बॅटऱ्यांचाही उल्लेख केला होता. काही लोकांना नवा फोन नकोच होता, फक्त बॅटरी हवी होती. ते कळायला वर्षभर लागले, आणि त्या वर्षात ‘फोन जुना झाला’ या तीन शब्दांवर विश्वास ठेवून ज्यांनी नवा फोन घेतला त्यांचे पैसे गेले.

ग्राहक : म्हणजे माझी शंका बरोबरच होती ना? आणि ही एकाच कंपनीची गोष्ट नाही. इटलीच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ॲपलला एक कोटी युरोचा आणि सॅमसंगला पन्नास लाखांचा दंड केला होता. सॅमसंगच्या बाबतीत आयोगाचे म्हणणे असे होते की पुढच्या नोट ७ साठी बेतलेली अँड्रॉइडची आवृत्ती जुन्या नोट ४ वर घ्यायला लोकांना आग्रह केला गेला, आणि जुन्या फोनला ती जड जाईल हे सांगितले नाही. हेच मी म्हणते आहे. नव्या फोनच्या मापाने शिवलेले कपडे जुन्या फोनला का घालता?

अभियंता : कारण दोन वेगळे कपडे शिवायला दोन शिंपी लागतात, ताई. प्रत्येक जुनी आवृत्ती वेगळी जिवंत ठेवायची म्हणजे प्रत्येक दोषाची दुरुस्ती चार-पाच ठिकाणी लिहायची आणि शेकडो मॉडेलवर तपासायची. त्यापेक्षा सगळ्यांना एका आवृत्तीवर आणले तर दोष लवकर मिटतात. आणि नव्या आवृत्तीने फोन मंदच होतो असेही नाही. २०१८ चे आयओएस १२ जुन्या फोनचा वेग वाढवण्याच्या हेतूनेच केले होते आणि २०१३ च्या आयफोन ५एसवरही ते चालले.

आयओएस १२ चे उदाहरण योग्य आहे, फक्त ते अभियंत्याच्या बाजूने पुरते उभे राहत नाही. जुन्या फोनला डोळ्यांसमोर ठेवून लिहिले तर अपडेटनंतर फोन मंदावत नाही, हेच त्यातून सिद्ध होते. मग मंदावणे हा निसर्गनियम उरत नाही, तो कंपनीने ठरवलेला प्राधान्यक्रम ठरतो. त्याच आयफोन ५एसची पुढची कथा माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे. २०१९ च्या आयओएस १३ मधून तो वगळला गेला, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याला मिळत राहिल्या. जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे फोन बाजारात येऊन नऊ वर्षे उलटल्यावर, त्याच्यासाठी १२.५.७ ही आवृत्ती निघाली. ना नवा चेहरा, ना नवी बटणे, ना जास्त मेमरी खाणारी सोय. तिने फक्त भोक बुजवले. दुरुस्ती आणि बदल वेगळे करता येत नाहीत या म्हणण्याला यापेक्षा सरळ उत्तर नाही. अँड्रॉइडच्या बाजूनेही हेच दिसते. २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ने चिप बनवणाऱ्यांचा थर मुख्य प्रणालीपासून वेगळा केला. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून ‘मेनलाइन’ योजनेत प्रणालीचे काही भाग प्ले स्टोअरच्या वाटेने, फोन कंपनीची वाट न पाहता, दुरुस्त होऊ लागले. त्यांत ध्वनी-चित्र वाचणारे भागही आहेत, म्हणजे स्टेजफ्राइट जिथे सापडला होता तीच जागा. आणि २०२१ मध्ये खुद्द ॲपलने जाहीर केले होते की आयओएस १५ नको असेल त्यांनी १४ वरच राहावे, सुरक्षा दुरुस्त्या मिळत राहतील. जानेवारी २०२२ पर्यंत ही सोय काढून घेतली गेली, ती तात्पुरतीच होती असे सांगून. जी गोष्ट काही महिने देता आली ती अशक्य होती असे म्हणता येत नाही.

माझे म्हणणे इथेच आहे. लोकांचा राग अपडेटवर नाही. एका गाठोड्यात दोन वस्तू बांधून दिल्या जातात, त्यातली एक टाळता येत नाही म्हणून दुसरीही गळ्यात पडते, याचा तो राग आहे. सुरक्षेची दुरुस्ती ही विक्रेत्याची जबाबदारी आहे. माल सदोष निघाला, म्हणून तो दुरुस्त करून द्यायचा. नवा चेहरा, नव्या सोयी हा प्रस्ताव आहे, आणि प्रस्ताव नाकारता आला पाहिजे. आता देवनागरीचा मुद्दा. तो बदल हवाच होता. पण लाखो मराठी माणसांनी तो आनंदाने घेतला असता, आणि लादावा लागला नसता. चांगल्या बदलाला सक्ती लागत नाही. शिवाय २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून इमोजींचे फॉन्ट पूर्ण प्रणाली न बदलता वेगळे पाठवता येऊ लागले. म्हणजे अक्षरांसारखी मूलभूत गोष्टही गाठोड्यातून सुटी काढता येते.

अभियंता : सक्ती नसती तर लोकांनी काहीच घेतले नसते, हा माझा अनुभव आहे. ‘नंतर आठवण करा’ हे बटण वर्षभर दाबणारे लोक आहेत. आणि मागे फिरण्याची सोय मागता, तिच्यात धोका आहे. मागची आवृत्ती टाकता आली तर चोरही तीच टाकेल, जुन्या भोकातून शिरेल आणि तुमचा डेटा काढेल. म्हणून नवी आवृत्ती आली की थोड्याच दिवसांत ॲपल जुनीवर सही करणे थांबवते, मग ती फोनवर बसतच नाही. अनेक अँड्रॉइड फोनमध्येही मागे जाणे याच कारणाने रोखलेले असते.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर गाठोडे सोडण्यातच आहे. दुरुस्ती वेगळी झाली तर ती आपोआप व्हायला माझा विरोध नाही, उलट आग्रह आहे. लोक ‘नंतर’ दाबतात ते बहुतांशी मागच्या वेळच्या बदलाने पोळलेले असतात. भीती नाहीशी केली तर टाळाटाळही घटेल. दुसरा आक्षेप गंभीर आहे. कोणालाही, कधीही, कितीही मागे जाऊ द्यावे असे मीही म्हणणार नाही. पण मधली वाट २०२३ मध्ये प्रत्यक्ष वापरली गेली. त्या वर्षी ॲपलने फक्त सुरक्षेची छोटी, वेगळी अपडेट द्यायला सुरुवात केली आणि ती वापरणाऱ्याला सेटिंगमधून काढून टाकता येत होती. जुलैमध्ये अशाच एका अपडेटने आवृत्तीच्या क्रमांकापुढे कंसात ‘ए’ हे अक्षर जोडले, काही वेबसाइटना तो क्रमांक ओळखता येईना आणि त्या उघडेनाशा झाल्या. कंपनीनेच लोकांना सांगितले, अपडेट काढून टाका. थोड्याच दिवसांत सुधारित अपडेट आले. चूक झाली, लोक मागे आले, दुरुस्ती झाली, लोक पुढे गेले. फोनच्या मालकाने पासकोड देऊन, ठरावीक मुदतीत, एक पायरी मागे येण्याची सोय चोराला उपयोगी पडू नये अशी बांधणे कठीण असेल. अशक्य नाही.

मागे येण्याची सोय का लागते ते जानेवारी २०२५ मध्ये पिक्सेल ४ए वापरणाऱ्यांना कळले. त्या फोनची अपडेटची मुदत २०२३ मध्येच संपली होती. तरी गुगलने एक अपडेट आपोआप पाठवले आणि काही फोनची बॅटरीची वापरता येणारी क्षमता कमी केली. भरपाई म्हणून फुकट बॅटरी किंवा पैसे देऊ केले, हे मान्य. बॅटरीला धोका असेल तर तो रोखलाच पाहिजे, हेही मान्य. पण विकलेल्या वस्तूचा एक गुण विक्रेत्याने दुरून कमी करायचा असेल तर कारण आधी, साध्या भाषेत, मालकाच्या पुढ्यात यायला हवे. २०२४ मध्ये संमत झालेला एक युरोपीय निर्देश हेच म्हणतो : सॉफ्टवेअर अपडेटमुळे वस्तूच्या कामावर वाईट परिणाम होणार असेल तर ते ग्राहकापासून लपवणे ही अनुचित प्रथा. सदस्य देशांना तो सप्टेंबर २०२६ पासून लागू करायचा आहे.

ग्राहक : युरोपचे ठीक आहे. आमच्याकडे पंधरा हजारांचा फोन घेताना दुकानदार कॅमेरा किती मेगापिक्सेल ते सांगतो, अपडेट किती वर्षे ते सांगत नाही.

अभियंता : आणि पंधरा हजारांच्या फोनवर सात वर्षे सुरक्षा द्यायची तर पैसे कोण देणार? गुगल मूळ प्रणाली देते, चिप कंपनी तिच्यासाठी ड्रायव्हर देते, फोन कंपनी आपला थर चढवते. चिप कंपनीने एखाद्या जुन्या चिपचे काम थांबवले की पुढच्यांचे हात बांधले जातात. किमतीत दोन-तीन हजारांची भर पडली तर हेच ग्राहक दुसऱ्या ब्रँडकडे जातील.

खर्चाचा मुद्दा मी टाळणार नाही. दुरुस्ती फुकट होत नाही, आणि भारतात सुमारे ९५ टक्के फोन अँड्रॉइडचे, त्यातले बरेच स्वस्त असल्यामुळे हा प्रश्न इथे जास्त बोचतो. पण या बाजारात गेल्या काही वर्षांत काय झाले ते पाहा. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ वर आणि जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ वर सात वर्षांचे वचन आले. त्याच वर्षी वीस हजारांच्या आतल्या गॅलेक्सी ए१६ ५जी वर सहा वर्षांचे आले. म्हणजे खर्च पेलण्याजोगा आहे, निदान मोठ्या कंपन्यांना. मला काळजी दुसरीच वाटते. या वचनांत सुरक्षेची वर्षे आणि अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांची संख्या एकत्र बांधलेली आहे. कमी मेमरीच्या स्वस्त फोनवर सहा नव्या आवृत्त्या चढवल्या तर चौथ्या-पाचव्या वर्षी त्याचे काय होईल? ग्राहकाला फोन वापरवत नाही म्हणून त्याने तो टाकला तर कागदावरची उरलेली वर्षे कोणाच्या उपयोगाची? मुदत वाढवणे चांगलेच. पण गाठोडे न सोडता वाढवलेली मुदत जुन्या फोनवरचे ओझेही वाढवते. त्यापेक्षा दोन आवृत्त्या आणि सात वर्षे निव्वळ दुरुस्ती, असा करार स्वस्त फोनसाठी कंपनीला कमी खर्चाचा आणि ग्राहकाला जास्त उपयोगाचा होईल.

कायद्याची सुरुवात काही ठिकाणी झाली आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत देणार ते उत्पादकाने जाहीर करणे बंधनकारक आहे. किती वर्षे द्यायची ते कायदा सांगत नाही, पण लपवू देत नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून पुढे जाऊन मुदतही घालून दिली : मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये आयओएस १८ नंतर फोन बिघडल्याच्या तक्रारी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आल्या आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपलला नोटीस बजावली. अपडेटनंतरचा बिघाड हा ग्राहकाच्या वैयक्तिक नशिबाचा भाग नाही, त्याचा जाब विचारता येतो, हे सरकारी पातळीवर मान्य झाले. वस्तू किती सहज दुरुस्त होते याचे गुण ठरवण्यासाठी ग्राहक व्यवहार खात्याने नेमलेल्या समितीनेही सॉफ्टवेअर अपडेट हा एक निकष धरला आहे.

माझी मागणी याहून लहान आणि तातडीची आहे. फोनच्या खोक्यावर एमआरपी आणि उत्पादनाचा महिना-वर्ष छापणे आपल्या वजनमाप नियमांनी आधीच सक्तीचे केले आहे. त्याच्याच शेजारी एक ओळ वाढवावी : ‘सुरक्षा दुरुस्ती अमुक महिन्यापर्यंत’. ‘लाँचपासून चार वर्षे’ अशी भाषा नको, कारण दोन वर्षांपूर्वी लाँच झालेला फोन आज सवलतीत घेणाऱ्याची अर्धी मुदत दुकानातच संपलेली असते आणि ते त्याला कळत नाही. थेट महिना आणि वर्ष हवे. ही ओळ सर्वांत जास्त उपयोगी पडेल ती नवा फोन घेणाऱ्याला नव्हे, तर तोच फोन तीन वर्षांनी जुन्या बाजारात पाच-सहा हजारांना घेणाऱ्याला : कॉलेजात जाणाऱ्या मुलीला, भाजी विकून क्यूआर कोडवर पैसे घेणाऱ्या माणसाला. त्याच्या कमाईचे रोजचे पैसे त्या फोनवरून जातात, आणि त्या फोनला शेवटचा पॅच कधी मिळणार आहे हे विकणारा आज त्याला सांगू शकत नाही, कारण ते त्यालाही कुठे लिहिलेले सापडत नाही.